गुंठ्याला काय भाव?

जुन्नर-आंबेगावच्या बाजूला दोन अनोळखी माणसे एस.टी.त शेजारी बसली, की पूर्वी पहिला प्रश्न "गाव कोणतं?" आणि दुसरा "आडनाव काय?" असा असे. तेवढ्यावर पाहुणे, देवस्थान, जुनी भांडणे, सगळा पत्ता लागून जाई. आता दुसरा प्रश्न बदलला आहे. गावाचे नाव कळल्याबरोबर शेजारचा विचारतो, "तिकडं गुंठ्याला काय भाव चाललाय?"

हा प्रश्न लग्नाच्या मांडवात विचारला जातो, सोसायटीच्या ओट्यावर विचारला जातो आणि दशक्रियेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवायची वाट पाहतानाही विचारला जातो. कावळा फार लवकर शिवला म्हणून चर्चा अर्धवट राहिल्याची हळहळ व्यक्त करणारे लोक मी पाहिले आहेत. गंमत अशी, की विचारणाऱ्याला जमीन घ्यायची नसते आणि सांगणाऱ्याला विकायची नसते. तरीही सांगणारा तो आकडा अशा आवाजात सांगतो, की ऐकणाऱ्याला वाटावे चिरंजीव कलेक्टर झाले.

मी बी.कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे. हल्ली आम्हाला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. पण पगाराची चिठ्ठी पाहिली की जुनी ओळख पटते. नोकरीची काही वर्षे मंचर-नारायणगाव पट्ट्यात पीककर्जाच्या टेबलावर गेली, आणि माझे आजोळही तिकडचेच, मीना नदीच्या काठचे. तेव्हा या प्रश्नाकडे मी शास्त्रीय दृष्टीने पाहावे हे ओघानेच आले.

वाणिज्य शाखेत असे शिकवतात, की मालमत्तेची किंमत तिच्या उत्पन्नावरून काढावी. समजा, एका बागायती एकरातून खर्चवेच वजा जाता वर्षाला एक लाख रुपये सुटतात. (हात फारच सढळ ठेवून हा आकडा धरला आहे, शेतकरी वाचकांनी हसू नये.) व्याजाचा दर सात टक्के धरला, तर त्या एकराची किंमत सव्वाचौदा लाखांच्या आसपास निघते. आता समजा, बाजारात त्याच एकराला पन्नास लाख सांगतात. ते पन्नास लाख मुदत ठेवीत टाकले, तर घरबसल्या साडेतीन लाख व्याज मिळेल. खुरपणी नाही, फवारणी नाही, रात्रीच्या लाइटीला मोटर चालू करायला जाणे नाही. म्हणजे जो शेतकरी जमीन विकत नाही, तो दर वर्षी अडीच लाख रुपये पदरचे घालून शेती करतो.

हे गणित मी एकदा मामांना कागदावर मांडून दाखवले. मामांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले, बेरीज तपासली आणि म्हणाले, "बरोबर हाय तुझं. पण मग मी सकाळी उठून जाऊ कुठं?"

बी.कॉम.च्या तिन्ही वर्षांत या प्रश्नाचे उत्तर कुठेही नव्हते.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात रिकार्डो नावाचे एक साहेब होते. जमिनीचा खंड कसा ठरतो याचा सिद्धांत त्यांनी १८१७ मध्ये मांडला. थोडक्यात असा, की चांगल्या जमिनीत हलक्या जमिनीपेक्षा जेवढे जास्त पिकते, तेवढा तिचा खंड. साहेब हुशार होते, पण त्यांनी आळेफाटा पाहिला नव्हता. तिथे काळी कसदार जमीन आणि मुरमाड जमीन यांत फरक पडत नाही. फरक पडतो तो रस्त्याला लागून किती फूट आहे याचा. पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग जिथे एकमेकांना छेदतात, तिथे खडकालाही कस येतो. आयुष्यभर कुळथाशिवाय काही पिकले नाही असे एखादे रान रस्ता शेजारून गेल्याबरोबर रातोरात सुपीक होते, आणि त्यात ताबडतोब हॉटेल उगवते.

शेतमालाच्या भावाशी जमिनीच्या भावाचे काही नाते असेल, अशी माझी जुनी समजूत होती. नारायणगावच्या टोमॅटो बाजाराने ती घालवली. २०२३ च्या जुलैत वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव मिळाला, आणि ज्यांचा माल नेमका त्या पंधरवड्यात निघाला त्यांनी नव्या गाड्या घेतल्या. सप्टेंबर येईपर्यंत भाव असा कोसळला, की काहींची तोडणीची मजुरी सुटेना. गुंठ्याचा भाव मात्र टोमॅटो चढला म्हणून चढला, आणि पडला तेव्हाही चढला. टोमॅटो पडल्यावर का चढला, असे मी एका दलालाला विचारले. तो म्हणाला, "आता शेतीत काय राह्यलंय साहेब? जमिनीतच पैसा हाय."

हे वाक्य मी पुष्कळ दिवस मनात घोळवले. शेतीत काही नाही, जमिनीत आहे! दूध कशालाही लागत नाही, पण म्हैस महाग, असला हा हिशेब.

मग रेल्वे आली. म्हणजे आली नाही, येणार म्हणून आली. पुणे-नाशिक जलद रेल्वे आमच्याच भागातून जायची ठरली आणि नकाशावरच्या त्या रेषेच्या दोन्ही बाजूंनी भाव उठले. खोडदला तीस अँटेनांची जी प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे, तिला आकाशातून येणारे अतिशय क्षीण आवाज ऐकायचे असतात. शेजारून विजेची गाडी गेली तर तिला ऐकू येणार नाही, असे निघाले. २०२५ पर्यंत सरकारने रेल्वेचा मार्गच दुसरीकडून न्यायचे सांगून टाकले. इतक्या लांबच्या ताऱ्याचे म्हणणे ऐकून घेणारे सरकार जवळच्या माणसाला "उद्या या" म्हणते, ही तक्रार या निमित्ताने पुन्हा झाली. पण दुर्बिणीची बाजू मला खरी वाटते. तारे काही अर्ज करू शकत नाहीत. सांगायचा मुद्दा, रेल्वे गेली, पण तिच्यासाठी चढलेला भाव उतरला नाही. भावाला परतीचे तिकीट नसते.

बिबट्यानेही उतरला नाही. कालव्याचे पाणी आले, पाण्यामागून ऊस आला आणि उसात बिबट्या राहायला आला. तिथेच त्याचे संसार, तिथेच बाळंतपणे. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे, पण सगळे काही तिथे मुक्कामाला जात नाहीत. रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाचे आणि अंगणातल्या पोराचे काय होते, हे या भागातल्या लोकांनी अनेकदा पाहिले आहे. त्यावर विनोद करवत नाही. इतकी भीती असलेल्या मालाचा भाव कुठल्याही बाजारात पडला असता. इथे पडला नाही, कारण घेणारा रविवारी दुपारी जमीन पाहायला येतो आणि चहा पिऊन उजेडात पुण्याला परत जातो. कायद्याने शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, हे खरे आहे. पण पुण्यात पाचव्या मजल्यावर राहणारे शेतकरी किती आहेत याची कल्पना बँकेत बसल्याशिवाय येत नाही.

आता बँकेचे ऐका. पीककर्ज देताना आम्ही जमिनीचा भाव विचारतच नाही. पीक कोणते आणि क्षेत्र किती, त्यावर कर्ज. पन्नास लाखांच्या एकराचा धनी सोयाबीनच्या दराने कर्ज घेऊन जातो आणि रागावतो. त्याला मी आयोवाची गोष्ट सांगत असे. अमेरिकेतले आयोवा म्हणजे मक्याचे आणि डुकरांचे राज्य, तिथली काळी माती जगात नावाजलेली. तिथे १९८१ मध्ये एकराला सरासरी २,१४७ डॉलर भाव होता. बँकांनी पीक न पाहता भाव पाहून कर्जे दिली, शेतकऱ्यांनी शेजारची राने घेतली. मग व्याज चढले, धान्य पडले आणि १९८६ मध्ये तोच एकर ७८७ डॉलरवर आला. माती तीच, पाऊस तोच. शेतकरी बुडाले आणि त्यांच्यामागून बँकाही बुडाल्या. ही हकिकत ऐकून आमचा खातेदार म्हणे, "त्यांचं त्यांच्यापाशी. आपल्याकडं जमीन म्हंजी काळी आई."

इथे मी हातातला पेन खाली ठेवीत असे. कारण याच खातेदाराने पाच मिनिटांपूर्वी मला गुंठ्याचा भाव सांगितलेला असे.

मला त्या भावनेची थट्टा करायची नाही. ती खरी असते. दसऱ्याला मातीची पूजा करताना, पेरणीआधी चाड्याला हात जोडताना माणसे नाटक करीत नाहीत. माझे म्हणणे एवढेच आहे, की जमीन आपल्याकडे दोन आहेत, आई आणि मालमत्ता. आणि कोणाशी बोलताना यांतली कुठली काढायची हे आपल्याला फार चांगले कळते. सरकारचेच पाहा. भाषणात जमीन ही काळी आई असते. संपादनाच्या नोटिशीत ती अमुक गट नंबर, तमुक हेक्टर, त्यात पोटखराबा इतका, अशी होते.

आंबेगाव तालुक्याला हे सांगायला नको. ज्या गावावरून तालुक्याचे नाव पडले, ते आंबेगावच आज जागेवर नाही. घोड नदीवर डिंभ्याचे धरण झाले आणि गाव पाण्याखाली गेले. कचेरी घोडेगावला, बाजार मंचरला आणि नाव पाण्यात, असा हा तालुका आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की पश्चिमेकडचे आदिवासी शेतकरी उघड्या पडलेल्या गाळात पेरतात. बापजाद्यांचीच जमीन, पण आता दर वर्षी काही महिन्यांपुरती, धरणाच्या मर्जीने. त्यांनीही एके काळी "ही आमची आई आहे" असे म्हटले होते. त्यांना उत्तर मिळाले, की मालमत्ता आहे, मोबदला घ्या. ते पाणी कालव्याने पूर्वेकडे गेले. डिंभे, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे. त्यांच्या पाण्यावर खालच्या जमिनी बागायत झाल्या, भाव चढले. आणि ज्यांचे भाव चढले ते आता म्हणतात, की पैशांचे काय घेऊन बसलात, जमीन ही आई आहे! वरच्या माणसाची आई बुडाली तेव्हा खालच्या माणसाच्या आईला दागिने झाले, हे कोणत्याही सातबाऱ्यावर लिहिलेले नसते.

लिहायची पद्धत जुन्नरला पूर्वी होती, असे म्हणतात. मानमोडीच्या डोंगरातल्या लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक शिलालेख आहे. एका शक उपासकाने करंजाच्या झाडांसाठी वीस निवर्तने आणि वडाच्या झाडांसाठी नऊ निवर्तने जमिनीचे उत्पन्न एका श्रेणीकडे ठेव म्हणून ठेवले. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ. तीच त्या काळची बँक. माझ्या धंद्याचा इतका जुना पुरावा पाहून मला अभिमान वाटला. पण त्याहून लक्षात राहिले ते हे, की त्या लेखात जमिनीचे माप आहे, तिच्यातून काय उगवायचे ते आहे आणि भाव नाही. कदाचित कोणी विचारलाच नसेल. असो.

आई आणि मालमत्ता यांतला खरा घोळ पाहायचा असेल तर धरणावर जायची गरज नाही, घरात राहिले तरी चालते. माझ्या आजोबांची मीनेकाठी सव्वातीन एकर जमीन. मुले चार : माझी आई सगळ्यांत थोरली, मग दोन मावश्या, शेवटी मामा. आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर मामांचे नाव लागले आणि तिघी बहिणी 'इतर हक्क' या रकान्यात गेल्या. ज्यांना सातबारा वाचायची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो : याच रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजाही लिहितात. बहीण आणि बोजा शेजारी शेजारी. तलाठ्याचा यात काही दोष नाही, रकानाच तसा आहे.

कायद्याने बापाच्या वाट्यात मुलीला हिस्सा १९५६ मध्येच दिला. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जितात ती मुलाच्या बरोबरीने आली, आणि वडील २००५ च्या आधी वारले असले तरी तिचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. हे सगळे आईला ठाऊक होते असे नाही आणि तिला त्याची गरजही पडली नव्हती. जमीन नुसती पिकत होती तोवर तिचा हिस्सा तिला पोचत होता : उन्हाळ्यात पायलीभर बाजरी, कैऱ्या, भाऊबीजेला साडी. मग भाव आला आणि भावामागून मामा आले. हातात हक्कसोडपत्राचा मसुदा. पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर बहिणींनी भावाच्या लाभात राजीखुशीने हक्क सोडायचा. 'राजीखुशीने' हा शब्द मसुद्यात आधीच टाइप केलेला असतो.

मामा वाईट माणूस नाहीत. तीस वर्षे त्यांनी त्या रानात हाडे झिजवली, आजीचे दुखणे त्यांनीच काढले, आणि आजवर तिघींपैकी कोणी माहेरपणाला गेली तर रिकाम्या हाताने परत आली नाही. चहा झाल्यावर ते म्हणाले, "अक्का, जमीन म्हंजी आपली आई. आईचं काय तुकडं करायचं व्हय? आणि कसंल त्याची जमीन, हे तर सरकारच म्हणतंय."

कसेल त्याची जमीन हे सरकारने १९५७ मध्ये एक एप्रिलपासून म्हणायला सुरुवात केली. तारीख सरकारनेच निवडली होती, मी काही बोलत नाही. पण ते कुळांसाठी होते, बहिणींसाठी नव्हते. आणि शब्दशः घ्यायचे म्हटले, तर मामांच्या टोमॅटोची बांधणी आणि तोडणी ज्या बाया करतात, त्या पहाटे पश्चिमेकडच्या आदिवासी गावांतून जीप भरून नारायणगावला येतात. खरोखर कसेल त्याची म्हटले तर मामांच्या आधी त्यांच्या सह्या घ्याव्या लागतील. हे मी बोललो नाही. मामा-भाच्याच्या नात्यात काही मर्यादा असतात.

आईने विचारले, "बाळा, रान विकायचं ठरलंय का?"

"ठरलं नाय अजून. पण रस्त्याच्या बाजूचं एक एकर म्हणतोय. गिऱ्हाईक चांगलं हाय. पोराला पुण्यात जागा घ्यायची, तुला म्हाईतच हाय. नवरीकडचे पयलं त्येच इचारत्यात."

ही अडचणही खरी आहे. ज्या जमिनीच्या भावाचा एवढा डंका, ती कसणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही. मुलगी हवी असेल तर आधी ती विकून पुण्यात दोन खोल्या घ्याव्या लागतात. मुलीचा बाप तरी काय वेगळे करतो? तो चौकशी करताना मुलाची शेती किती ते विचारतो, आणि मुलगा शेतीत नाही ना, हेही विचारतो.

आई थोडा वेळ सुपारी कातरीत बसली. मग म्हणाली, "असं कर. विकायची नसंल तर कागद आत्ता दे, सही करते. तू कस, तुझी पोरं कसतील, मला एक पै नको. आईच हाय म्हण. पण विकायची असंल, तर मग ती आई नव्हं. मग माझा चौथा हिस्सा, आणि त्या दोघींचा त्यांना. आईपण म्हणायचं आणि इकायपण काढायचं, ह्ये मला जमत नाय."

नीतिशास्त्रावरची मी जी दोन-तीन पुस्तके अर्धवट वाचली आहेत, त्यांत या प्रश्नाची इतकी स्वच्छ फोड मला सापडली नव्हती. आई म्हटली तर तिच्यावर चारही लेकरांचा हक्क सारखा. माल म्हटला तर भागाकार चारनेच करायचा. हिशेब दोन्हीकडून एकच येतो. मामांचा फायदा फक्त मधल्या जागेत होता, जिथे बहिणीसमोर ती आई असते आणि गिऱ्हाइकासमोर माल. तीन एकरांच्या मानाने ती जागा लहान, पण बांधावरची असल्यामुळे फार मोक्याची.

मामा गप्प झाले. रागावले नाहीत, पण चहाचा दुसरा कप त्यांनी घेतला नाही. पुढच्या आठवड्यात आईची अट घेऊन ते वकिलाकडे गेले. वकिलांनी सांगितले, की 'न विकल्यास हक्क सोडला, विकल्यास धरला' असा नमुना आमच्याकडे नाही. सोडायचा तर सोडा, नाहीतर नका सोडू. म्हणजे आईचे म्हणणे कायद्याच्या छापील कागदात बसत नव्हते. तिला त्याचे काही वाटले नाही. ती म्हणाली, "कागद नसंल तर नसू दे. मी हाय ना."

मावश्यांत एक आईच्या बाजूला आहे. दुसरी म्हणते, भावाला दुखवून मिळालेला पैसा पचत नाही. सही करून टाकू आणि माहेर राखू. तिचेही चुकले असे मला म्हणवत नाही. माहेराला रेडी रेकनरमध्ये दर लावलेला नाही, पण सहीच्या दिवशी प्रत्येक बहीण मनात तोच दर काढत असते, आणि मामांना तो काढावा लागत नाही. माझ्या मते अन्याय नेमका तिथे आहे. एक हिस्सा की एक भाऊ, असा सवाल भावांना कोणी घालत नाही.

अजून एकर विकलेले नाही. गिऱ्हाईक थांबले आहे, कारण त्याला चार सह्या हव्यात. भाव तेवढ्यात आणखी चढला असेल. मामांनी त्यात पुन्हा टोमॅटो लावला. यंदा भाऊबीजेला ते आले तेव्हा साडीबरोबर दोन क्रेट टोमॅटोही आणले. बाजारात न्यायला परवडत नव्हते, असे म्हणाले. कागदाचा विषय कोणी काढला नाही. ओवाळून झाल्यावर आईने स्वयंपाकघरात फडके अंथरले, दोन्ही क्रेट त्यावर ओतले आणि नासके बाजूला काढून चार सारखे ढीग केले. दोन मावश्यांचे मला पोचवायला सांगितले, एक आपल्याला ठेवला, आणि चौथा मामांच्याच पिशवीत भरून त्यांना परत दिला.